गच्चीवरचं मिठागर

बेलापूरची ती काचेची इमारत नवी होती तेव्हा बसमधली माणसं माना वळवून तिच्याकडे बघत. खरं तर इमारत दिसायचीच नाही, दिसायचं ते आभाळ. पारसिकच्या डोंगरावरून एखादा ढग निघाला की आधी पूर्वेच्या काचांत शिरायचा, कोपऱ्यावर मोडायचा आणि पश्चिमेच्या काचांतून खाडीकडे निघून जायचा. आणि त्या सगळ्या आभाळात, मधेच कुठेतरी, दोन दोरांना टांगलेल्या पाळण्यात ज्योतिबा उभा असायचा. हातात लांब दांड्याचा ब्रश, पायाशी पाण्याचा ड्रम. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस ढग धुतोय.

गच्चीवर कामाला असलेली पुतळा घरत हे सगळं वरून बघायची. गच्चीच्या कठड्यावर कोपरं टेकून ती खाली वाकली की तिला ज्योतिबाची टोपी दिसायची आणि काचेत उलटं पडलेलं स्वतःचं डोकं. ज्योतिबा ज्या पाण्याने काचा धुवायचा ते पाणी पुतळा त्याला करून द्यायची. आणि ते साधं पाणी नव्हतं. काचेवर टाकलं की पुसावं लागायचं नाही. नुसतं सोडून द्यायचं. ऊन येऊन ते पिऊन टाकायचं आणि मागे काहीही राहायचं नाही.

पहिल्या उन्हाळ्यात काचा बोअरच्या पाण्याने धुतल्या होत्या. खाडी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे बोअरचं पाणी मचूळ. प्रत्येक थेंब वाळताना आपल्याभोवती पांढरं कडं काढून जायचा. कुणीतरी ती कडी घालवायला ॲसिड लावलं, तर काचेला ओरखडे पडले. मग मालकांनी परदेशातून यंत्र मागवलं, पाण्यातलं मीठ काढून टाकणारं. इमारतीच्या इंजिनिअर नंदिनी मॅडम यांनी ते गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये उभं करून घेतलं. यंत्रावर नेमलेला माणूस तळोज्याच्या कारखान्यात निघून गेला आणि त्याच्या जागी कुणी मिळेना. शेडभोवती झाडू मारणारी पुतळा रोज यंत्र बघत होतीच. मॅडम एक दिवस म्हणाल्या, "पुतळाबाई, तुम्हीच शिका की."

नंदिनी मॅडम वाशीहून यायच्या. पस्तिशीच्या असतील. बोलणं तुटक, पण शिकवायला बसल्या की घाई नसायची.

"पाणी आधी या टाकीत वाळूतून जातं. गाळ तिथे अडतो. मग कोळशातून, म्हणजे वास जातो. मग ही सुताची गुंडाळी. पिवळी पडली की बदलायची. आणि मग हे." त्यांनी लांबलचक पांढऱ्या नळकांड्यांवर हात ठेवला. "यात एक पडदा गुंडाळून ठेवलाय. इतका बारीक, की त्यातून पाणी पलीकडे जातं, मीठ जात नाही."

"मंग मीठ काय करते?"

"मागे फिरतं. थोडं पाणी सोबत घेऊन या दुसऱ्या नळीने बाहेर पडतं. ते गटारात सोडायचं. या नळीचा हा लाल कॉक मी एका ठिकाणी आणून ठेवलाय आणि खूण केलीये. त्याला हात नाही लावायचा."

पुतळा शिकली. सकाळी आली की आधी वाळू उलटी धुवायची: पाणी खालून वर सोडलं की टाकीतली वाळू उकळत्या भातासारखी उसळायची आणि तपासणीच्या काचेतून तांबडं पाणी वाहायला लागायचं. ते नितळ होईपर्यंत ती बघत राहायची. मग काटे बघायचे. मग थर्मामीटरसारखं दिसणारं मीटर तयार पाण्यात बुडवायचं. आकडा लहान म्हणजे पाणी चोख. पंप सुरू झाला की शेड गुणगुणायला लागायची. त्या एकसुरी आवाजात पुतळाला कधी कधी वाटायचं की गच्ची हळूहळू सरकतेय, वर ढग चाललेत त्यांच्या उलट दिशेने, आणि आपण होडीत बसलोय.

संक्रांत होऊन गेली होती. वारा फिरला होता. दुपारी भाकरी खाण्याआधी तिने सहज त्या दुसऱ्या नळीखाली हात धुतले आणि ओला अंगठा तोंडाशी नेला. नेला आणि तशीच उभी राहिली.

ही चव तिला ठाऊक होती. जिभेला नव्हे, टाचांना ठाऊक होती. लहानपणी मिठागरात ती आईच्या मागे बांधावरून चालायची तेव्हा पायाच्या भेगांत शिरणारं पाणी असंच होतं. समुद्राचं पाणी बांधातून आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवायचे, आणि प्रत्येक वाफ्यात ते जरा जास्त खारं होत जायचं. नळीतून सांडणारं पाणी पहिला वाफा ओलांडून दुसऱ्यात निघालेलं होतं.

*

पुतळा उरणच्या बाजूच्या एका गावातून यायची. नवरा वारल्यावर ती माहेरी परत आली होती आणि घरात ती आणि तिचा बापूस, हसुराम, अशी दोघंच होती. हसुरामने उभा जन्म मिठागरात काढला. पांढऱ्या मिठावरून परतणाऱ्या उन्हाने त्याचे डोळे थोडे थोडे करून नेले. आता त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. न्हावा शेव्याला बंदर आलं, मिठागरं भरावाखाली गेली, आणि त्यानंतर म्हाताऱ्याचं बोलणं आटलं. कुणावर राग नव्हता. कशाची तक्रार नव्हती. सकाळी ओट्यावर बसायचा, वाऱ्याकडे तोंड करून, आणि वारा फिरला की तोही फिरून बसायचा. जेव म्हटलं की जेवायचा. लेकीला वाटायचं, आपण एका झाडाला सांभाळतोय.

त्या संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "बा, आज कामावर आगराचा पानी चाखला."

बऱ्याच वेळाने, तिने चूल पेटवली तेव्हा, ओट्यावरून आवाज आला.

"कनचा पानी?"

ती उठून बाहेर आली. तिने त्याला यंत्राचं सांगितलं: वाळू, कोळसा, पडदा, आणि पडद्याने परतवलेलं मीठ.

"मंग त्या मीठ जाते कुठं?"

"गटारात."

"टाकून देतस?" हसुराम ओट्यावर सरळ झाला. "मीठ टाकून देतस, बाय? रोज?"

"मंग काय करू? मॅडम तसाच सांगतंत."

"कवरा खारा हाय? कसा लागते? जिभेच्या शेंड्याला लागते का मुळाला?"

बापाने एका दमात इतके शब्द किती वर्षांत काढले नव्हते. चुलीवरचं कालवण उतू जायला लागलं तरी पुतळा उंबऱ्यातच उभी होती.

दुसऱ्या दिवशी ती औषधाच्या बाटलीत ते पाणी घेऊन आली. हसुरामने बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि तोंड मिटून बसला.

"कवला हाय, पातल हाय अजून," तो शेवटी म्हणाला. "पन उन्हाला टाकलास तं जमंल."

*

पाण्याच्या टाकीमागे गच्चीचा एक कोपरा होता. तिथे कुणी यायचं नाही. शेड बांधताना उरलेल्या विटा तिथेच पडल्या होत्या. पुतळाने विटांची चौकट मांडली, आत ताडपत्री अंथरली आणि त्यात त्या दुसऱ्या नळीचं पाणी सोडलं. घरी येऊन तिने बापाला सांगितलं, तर तो हसला. हसला म्हणजे नाकातून नुसता वारा सोडला.

"प्लास्टिकवर मीठ धरते का? त्याला माती पायजे. खाजनातली. आन ती तुडवायची. पायाला गार लागेना झाली की समजायचा, झाली."

मग रोज सकाळी बसला निघायच्या आधी ती खाडीकाठच्या खाजणातल्या चिकणमातीची पिशवी भरून घ्यायची. कंडक्टर नाक मुरडायचा. लिफ्टमनला ती म्हणायची, झाडांसाठी. गच्चीवर झाड एकही नव्हतं, पण लिफ्टमन कधी गच्चीवर आला नव्हता. ताडपत्रीवर मातीचा थर पडला आणि पुतळा त्यात उतरली. लुगडं वर खोचून, कठड्याला धरून, ती तुडवत राहिली. खाली रस्त्यावर बस वळत होत्या, ऑफिसात टाइपरायटर आणि नवेकोरे कंप्युटर चालले होते, आणि वर, सगळ्यांच्या डोक्यावर, एक बाई चिखल तुडवत होती.

पाळणा वर ओढून ज्योतिबा कठडा ओलांडून आला तेव्हा त्याला ती अशी दिसली. ज्योतिबा कोल्हापूरकडचा, उंचीला भ्यायचा नाही, पण हे बघून दचकला.

"अक्का, ह्ये काय चाललंय? गच्चीवर भात लावताय व्हय?"

"मीठ लावते."

"मीठ माशाला लावत्यात. जमिनीला लावल्यालं आजवर बघितलं न्हाई बघा." त्याने डोक्यावरची टोपी काढून मान पुसली. "मॅडमनी बघितलं तर?"

"तू सांगनार हायस का?"

"मी कशाला सांगू? मी आपला लोंबकळणारा मानूस." पण जाता जाता त्याने कोपऱ्यातली एक जड फळी उचलून बांधाला टेकू म्हणून लावून दिली.

पुढचे दिवस पुतळाला कधी नीट आठवले नाहीत. आठवतात ते एकात एक मिसळलेले. फेब्रुवारीचं कोवळं ऊन, मार्चचं कोरडं. पाणी वाफ्यात पसरलेलं, त्यात आभाळ, समोरच्या काचांत आभाळ, वरही आभाळ. ती त्या मधोमध बसायची तेव्हा खरं कोणतं ते कळायचं नाही. एकदा एक बगळा आला. खाडीवरून उडता उडता त्याला ते पाणी दिसलं असावं. तो वाफ्याच्या कडेला उतरला, एक पाय वर घेऊन उभा राहिला, आणि मासा नाही हे कळायला त्याला अख्खी दुपार लागली. पुतळाने त्याला उडवलं नाही.

आणि संध्याकाळ झाली की बाटली. हसुराम आता बसची वाट बघायचा. तिच्या चपलांचा आवाज आला की हात पुढे करायचा. बोट, जीभ, मिटलेलं तोंड. मग सूचना. वारा कुठून येतोय? तळ दिसतोय का? हात बुडवून वाळवला की कातडीवर भुकटी राहते का? मधेच तो जुन्या वाफ्यांची नावं घ्यायचा: सासूचा वाफा, आंधळा वाफा, चिमणीचा वाफा. नाव घेतलं की त्याची गोष्ट यायची. गोष्टीत तिची आई यायची, डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरून चालणारी, आणि हसुराम सांगायचा की त्या बाईचा तोल आयुष्यात एकदाही गेला नाही. पुतळाने हे कधीच ऐकलं नव्हतं. आई गेली तेव्हा बापूस रडलासुद्धा नव्हता.

पण पाणी कडक होईना. ऊन जेवढं प्यायचं तेवढंच नळीतून पातळ पाणी येऊन पडायचं.

"कवला," हसुराम रोज म्हणायचा. मग एकदा म्हणाला, "आवंदा मीठ धरतच नाय. पावसाच्या आधी नाय होयाचा," आणि वाऱ्याकडे तोंड फिरवून बसला. त्या रात्री एकाही वाफ्याचं नाव निघालं नाही. झाड परत झाड होत होतं.

दुसऱ्या सकाळी तिने लाल कॉकला हात लावला.

फार नाही पिळला. मॅडमच्या खुणेच्या जरासा पुढे. नळीतली धार बारीक झाली. तिने चाखली, जास्त खारी होती. चार दिवसांनी अजून जरासा. धार करंगळीएवढी झाली, पण चवीला थेट तिसऱ्या वाफ्याची. प्रेशरचा काटा वर चढून बसला होता. पंपाचा सूर बदलला होता. गुणगुणण्याऐवजी तो आता कण्हत होता. पुतळाला ते ऐकू येत होतं. मीटर तयार पाण्यात बुडवायचं, ते मात्र त्या दिवसांत तिच्या हातून राहून गेलं. सकाळी आली की तिची पावलं शेडकडे न वळता आधी टाकीमागे वळायची.

एप्रिलच्या एका दुपारी, वारा पूर्ण पडलेला असताना, वाफ्यावर साय धरली.

दुधावर धरते तशी. आधी कडेला, मग मधे. पुतळा गुडघ्यांवर बसली आणि तिने पाण्याला गाल लावावा इतकं तोंड खाली नेलं. सायीत इवले इवले चौकोन तरंगत होते, उलट्या देवळांसारखे, आणि जड झाले की एकेक करून तळाशी उतरत होते. आवाज काही नव्हता, पण तिला वाटलं की आवाज येतोय.

घरी जाऊन तिने बापाच्या तळहातावर ओले दाणे ठेवले. हसुरामने मूठ मिटली. चाखायलाही उघडली नाही.

*

दोन दिवसांनी सकाळी ज्योतिबा धापा टाकत गच्चीवर आला.

"अक्का, खाली चला. आत्ता."

रस्त्याच्या पलीकडे उभं राहून दोघांनी वर बघितलं. पश्चिमेची सगळी बाजू ज्योतिबाने आदल्या दिवशी धुतली होती. पाणी वाळून गेलं होतं आणि मागे ठिपके राहिले होते. वरपासून खालपर्यंत, हजारो, लाखो, देवी आल्यासारखे. काचांत आभाळ नव्हतं. डोंगर नव्हता. इमारत पहिल्यांदाच इमारतीसारखी दिसत होती, मळकट आणि मोठी.

"माझ्या ब्रशाचं काय चुकलं न्हाई," ज्योतिबा म्हणाला. "तुमच्या पाण्याचं चुकलंय." तो रागाने बोलला नाही, पण त्यानंतर बरेच दिवस तो तिच्याशी बोललाच नाही. ऐन उन्हात अख्खी बाजू पुन्हा धुवायची म्हणजे काय, ते त्याच्या पाठीला ठाऊक होतं.

नंदिनी मॅडम गच्चीवर आल्या तेव्हा पुतळा शेडच्या दारात उभी होती. मॅडमनी काटा बघितला, पंप बंद केला, लाल कॉकवर बोट ठेवलं.

"हा कुणी पिळला?"

"मी."

"का?"

पुतळाने वळून टाकीमागे बोट केलं. ती चालायला लागली. मॅडम मागून गेल्या. टाकीमागे दोघी थांबल्या. वाफा उन्हात पांढरा पडला होता. बघवत नव्हता इतका पांढरा.

मॅडमनी डोळ्यांवर हाताची सावली धरली. मग म्हणाल्या, "हे तुम्ही केलंत?"

"बापूस सांगत होता तसा."

"पुतळाबाई, तो पडदा इथे मिळत नाही. गेला तर मागवायला महिने जातील. मालक मला विचारणार, आणि मी काय सांगू? गच्चीवर मीठ पिकवलं म्हणून?" त्यांनी वाफ्याकडे पाठ केली. "मला एकदा सांगायचं तरी होतं."

"सांगितला असता तं तुम्ही नाय म्हनाल्या असत्या."

"हो. नाही म्हटलं असतं."

मॅडमनी साडीचा पदर खोचला. "चला. पडदा धुऊन बघू. त्यावर चुन्याचं पुट चढलंय. पाण्यात मीठ वाजवीपेक्षा दाट झालं की आधी चुना बसतो."

लिंबूसत्त्वाची पावडर पाण्यात कालवून ते आंबट पाणी त्यांनी नळकांड्यांतून हळूहळू फिरवलं. फिरवायचं, मग भिजत ठेवायचं, मग परत फिरवायचं. भिजत असताना करायला काही नसतं. दोघी शेडच्या सावलीत बसल्या. पुतळाने डबा उघडला; मॅडमनी तिच्या भाकरीचा तुकडा मोडून घेतला. आणि मग, न विचारता, पुतळाने सांगितलं. डोळे कसे गेले ते. बोलणं कसं आटलं ते. बाटली, बोट, सासूचा वाफा, आंधळा वाफा.

मॅडम ऐकता ऐकता उठल्या आणि टाकीमागे जाऊन वाफ्याशी उकिडव्या बसल्या. कॉलेजात त्यांनी मिठाचे स्फटिक कागदावर कितीदा काढले असतील, पण असे पाण्यातून वर येताना कधी पाहिले नव्हते. त्यांनी एक दाणा नखावर घेऊन उन्हात धरला.

"हे ठेवता नाही येणार," त्या परत येऊन म्हणाल्या. "गच्चीला हे चालत नाही, यंत्राला तर नाहीच. पाऊस यायच्या आत सगळं काढायचं. पण मीठ तयार झालंय का?"

"त्या बापूसच सांगंल."

"मग त्यांना घेऊन या."

संध्याकाळी पंप परत सुरू केला तेव्हा तो खोकला, अडखळला, आणि मग हळूहळू त्याचा जुना सूर लागला. पुतळाने मीटर बुडवलं. आकडा पहिल्याइतका लहान नव्हता, पण पुष्कळ खाली आला होता. "रोज थोडा धुऊ," मॅडम म्हणाल्या. लाल कॉक त्यांनी खुणेवर आणला, आणि पुतळाकडे न बघता म्हणाल्या, "उद्या वाळू वेळेवर धुवा." तेव्हा पुतळाला कळलं, यंत्र आपल्याकडेच राहिलंय.

*

हसुराम धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला लाल टोपी घालून आला. लिफ्टमध्ये त्याने पुतळाचा दंड घट्ट धरला. लिफ्ट थांबल्यावर गच्चीचा जिना होता. तिथे मागून कुणीतरी त्याच्या काखेत हात घातला. ज्योतिबा होता. पुतळाशी न बोलता त्याने म्हाताऱ्याला अलगद वर नेलं.

गच्चीवर वारा होता. हसुरामने चपला काढल्या. वाफ्याच्या कडेला आल्यावर त्याने एक पाय आत ठेवला, मग दुसरा, आणि बोटं मिठात रोवून उभा राहिला. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. मॅडम लांब उभ्या होत्या.

मग तो वाकला, चिमूट उचलली आणि तोंडात टाकली. क्षणभर थांबला, आणि थू करून थुंकला.

"कडू!"

पुतळाचा चेहरा उतरला. "बा?"

"कडू जहर हाय गो!" आणि म्हातारा हसायला लागला. नाकातून नव्हे, पोटातून. इतका हसला की ज्योतिबाने त्याला धरलं. "पातल पान्यात कललाच नाय! हा समुद्राचा नाय. जमिनीच्या पोटातला पानी हाय, चुन्याचा. ह्या मीठ माशाला लावशील तं मासा उठून पलंल!"

ज्योतिबा हसला, मॅडम हसल्या, आणि शेवटी पुतळाही हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

ज्योतिबाने बांधाला लावलेली फळी काढून दिली. हसुरामने ती दोन्ही हातांनी धरली, पाय फाकवले आणि ओढायला लागला. मीठ ओढताना जो करकर आवाज होतो तो गच्चीभर पसरला. त्याला दिसत नव्हतं, पण फळी कडेला आपटत नव्हती. कोपऱ्यात ढीग झाला, गुडघ्याएवढा, टोकदार. हसुरामने हाताने त्याचं टोक चाचपून नीट केलं आणि कठड्याशी येऊन टेकला.

"समोर काय दिसते, बाय?"

"खाडी. भरती चढतंय. पलीकडे तिवरा, मंग धुकट. आन पार टोकाला बंदराच्या क्रेना, माना वर केलेल्या."

"आन आपली आगरा?"

"तिथं डबे ठेवलंत बा. लोखंडाचे. लाल, निले. एकावर एक."

"त्यात काय असते?"

"कोनाला ठाव. परदेशातला सामान."

हसुरामने मान वळवली, यंत्राच्या गुणगुणीकडे. "हा यंत्रबी तसाच आला आसंल. डब्यात बसून."

"हो," मागून मॅडम म्हणाल्या. "न्हावा शेव्यालाच उतरलं होतं."

म्हाताऱ्याने यावर बराच विचार केला. मग मान हलवली, वाटेत भेटलेल्या ओळखीच्या माणसाला हलवावी तशी, आणि म्हणाला, "पानी पाजा."

पुतळाने त्याला यंत्राचं चोख पाणी दिलं. त्याने दोन घोट घेतले आणि भांडं परत केलं. "ह्याला चवच नाय."

"ते काचांसाठी आहे, आजोबा," मॅडम म्हणाल्या, आणि आपल्या बाटलीतलं पाणी त्यांनी त्याला दिलं.

*

वाफा मोडला. माती पोत्यात भरून परत खाडीवर गेली. ताडपत्री ज्योतिबाने मागून घेतली, गावाकडच्या घराच्या पावळणीला, पावसाची झड अडवायला. मीठ मात्र हसुरामने टाकू दिलं नाही. दोन पिशव्या भरून बापलेक बसमध्ये बसले. मागच्या बाकावर हसुराम खिडकीला डोकं टेकून झोपला. कंडक्टरने पिशवीत डोकावून विचारलं, "काय गो, उरनला मीठ मिलत नाय का?" पुतळा नुसती हसली. ती इतकी दमली होती की बस खाडीवरून जाते आहे की खाडीतून, तेही तिला कळत नव्हतं.

सकाळी उठली तर ओटा रिकामा. ती धावत मागच्या अंगणात गेली. हसुराम माडाच्या बुंध्याशी बसला होता आणि हातांनी चाचपत आळं उकरत होता. पिशवी शेजारी उघडी होती.

"काय करतस बा?"

"माडाला कडू चालते. आवंदा फल गलत होती ना?" त्याने मिठाची ओंजळ मुळांभोवती गोल फिरवून टाकली, वरून माती ओढली. मग दुसरी. तो शेजारच्या घराकडे तोंड करून मोठ्याने बोलत होता, आणि कुंपणापलीकडून म्हातारी केशरबाई त्याला उत्तरं देत होती: तिच्याही माडाला हवं होतं, आणि बेलापूरला मीठ पिकतं हे तिला खरं वाटत नव्हतं. हसुराम तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लागला. वाळू, कोळसा, पडदा. काही चुकीचं सांगत होता, काही वाढवून.

पुतळाला बसला उशीर होत होता. तिने विहिरीतून कळशी भरून आणली आणि आळ्यात ओतायला लागली.

"हलू," हसुराम म्हणाला, आणि पाणी मुरतानाचा आवाज ऐकायला त्याने कान जमिनीकडे नेला.